मालूच्या रक्तापायी वाशीला

साताऱ्यातल्या ज्या इस्पितळात मी नोकरीला आहे तिथे कर्मचाऱ्यांचा एक वार्षिक अंक निघतो आणि त्यात एक प्रवासवर्णन असतं. आजवर बद्रीनाथ झालं, काश्मीर झालं, मेट्रनबाईंनी कन्याकुमारी दोन भागांत लिहिली. यंदा संपादकांनी मला गाठलं. मी म्हटलं, मी फक्त वाशीला जाऊन आलोय. ते म्हणाले, तिथे आपल्यातलं अजून कोणी गेलेलं नाही, लिहा. मी माझ्या धाकट्या बहिणीला, मालूला, पत्र टाकून विचारलं, कारण हा प्रवास तिचा आहे. तिचं उत्तर आलं, ‘लिही दादा, फक्त गोड करून लिहू नकोस.’ तेव्हा गोड करत नाही.

माझं काम रक्त तपासण्याचं. खरं म्हणजे रक्तातल्या पाण्याचं. नळीत रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. दर मंगळवारी गरोदर बायकांचं सीरम माझ्याकडे येतं आणि मी त्यावर व्हीडीआरएल नावाची चाचणी करतो. ही गुप्तरोगाची चाचणी. काचेवर थेंब घ्यायचा, त्यात औषध मिसळायचं, हलवायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या दिसल्या, म्हणजे रोगाची शंका आली, की कागदावर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहायचं. पंधरा वर्षं मी तो शब्द लिहीत आलोय. माझ्या अक्षराचं साहेबांनी दोनदा कौतुक केलेलं आहे.

गेल्या वर्षी एप्रिलात वाशीहून मेहुण्यांचं, वसंतरावांचं, पत्र आलं. मालूला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि दुसऱ्यांदा ते टिकले नव्हते, एवढं मला माहीत होतं. पत्रात तीन ओळी होत्या. ‘येऊन मालतीला माहेरी घेऊन जावे. कारण सोबत जोडले आहे. माईंची प्रकृती उत्तम आहे.’ सोबत एक कागद होता. त्यावर मालूचं नाव, आणि समोर कुणीतरी माझ्यापेक्षा वाईट अक्षरात लिहिलेलं, ‘रिअ‍ॅक्टिव्ह, एकास चार’, म्हणजे सीरम चौपट पातळ केलं तरी गुठळ्या दिसतात.

मी आठवड्याची रजा टाकली. पिशवीत दोन कपडे, कंदी पेढे, काचेची सिरिंज आणि बूच असलेल्या चार नळ्या घेतल्या.

शनिवार, वाशी

पनवेल मागे टाकल्यावर उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला मिठागरं लागतात. पांढरे ढीग ओळीने मांडलेले असतात आणि त्यांच्या पलीकडे खाडी. खाडीवरचा पूल ओलांडला की मुंबई, पण मला अलीकडेच उतरायचं होतं. कंडक्टरने घंटी देताना विचारलं, “इथं कशाला?” हा प्रश्न पुढचे सहा दिवस मलाही पडत होता.

वाशी हे शहर आधी कागदावर काढून मग बांधायला घेतलं आहे. रस्ते रुंद आहेत, त्यावर माणसं यायची आहेत. साताऱ्यात घर विचारताना आपण माणसाचं नाव सांगतो, मग त्याच्या वडिलांचं, मग त्यांचं कुणाशी पटत नव्हतं ते. वाशीत नुसते आकडे सांगायचे. सेक्टर, बिल्डिंग, खोली. सगळ्या इमारती एकाच तोंडवळ्याच्या असल्यामुळे मी पहिल्यांदा दुसऱ्याच घरात शिरलो. तिथल्या बाईंनी पाणी दिलं, माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की हे ते घर नव्हे.

खऱ्या घरात वसंतराव होते. ते महापेच्या एका रसायनाच्या कारखान्यात कारकून आहेत, माणूस सरळ आहे आणि आईसमोर अधिकच सरळ होतो. त्यांनी मला गॅलरीत नेलं.

“दादा, टेन्शन घेऊ नका. आमी काय तिला टाकत नाही हो. पण सोसायटीत कळलं तर काय सांगणार? डॉक्टर म्हणाला, दोघांची टेस्ट करा. मी केली.”

त्यांनी खिशातून स्वतःचा कागद काढला. ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. त्याला त्यांनी प्लॅस्टिकचं पाकीट घातलं होतं. मालूचा कागद पत्राबरोबर नुसताच घडी करून आला होता.

“म्हणजे माझ्याकडून नाही,” ते म्हणाले. उरलेलं वाक्य ते बोलले नाहीत आणि मी ते पुरतं ऐकलं. मला हात उचलावासा वाटला. मी त्यांच्या गॅलरीतून दिसणाऱ्या खाडीची स्तुती केली.

जेवायला सुरमई होती. ही रत्नागिरीकडची माणसं, यांच्याकडे पाहुण्याला मासा वाढला नाही तर पाहुणा आलाच नाही असं धरतात. आमच्याकडे शनिवारी मारुतीचा उपास. मी तो त्या दिवशी सोडला. माईंनी, म्हणजे मालूच्या सासूबाईंनी, आम्हाला स्टीलची ताटं मांडली. मालूला मांडलं नाही. मोरीच्या कट्ट्याखाली एक पोचे आलेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, थाळी आणि एक पेला उपडा ठेवला होता. मालूने ती थाळी उचलली, स्वतःच वाढून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसली. साताऱ्यात मी तिच्या हातात पहिली पाटी दिली आहे. ती बसताना गुडघा धरून बसली, हेही मी पाहिलं आणि माशाकडे लक्ष दिलं.

तिने एकदाच विचारलं, “दादा, तो कागद खरा असतो का रे?”

पंधरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बायका कागद घेतात आणि जातात.

रविवार, वाशी

रात्री नीट झोप आली नाही, म्हणून विचार केला. ही चाचणी रोगाचा जंतू शोधत नाही, अँटिबॉडी शोधते. आपल्या रक्तात बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्या असंख्य असतात, आणि प्रत्येकीला एकाच घाटाची अँटिबॉडी करता येते, दुसरी येत नाही. शरीरात जंतू शिरला की ज्या पेशीची अँटिबॉडी त्याला बरोबर बसते ती पेशी वाढते, पिलावळ करते आणि त्या एकाच घाटाच्या अँटिबॉडीने रक्त भरून टाकते. पुढे तोच जंतू पुन्हा आला तर त्यांना ओळख असते. लसीचं सगळं काम याच ओळखीवर चालतं.

व्हीडीआरएलमध्ये आम्ही जे औषध वापरतो त्यात जंतू नसतोच. एक प्रकारची चरबी असते, आणि गुप्तरोग झालेल्यांच्या रक्तात त्या चरबीला चिकटणाऱ्या अँटिबॉडी सापडतात एवढ्यावर ही चाचणी उभी आहे. तशाच अँटिबॉडी इतर कारणांनीही होतात, असं पुस्तकात एका परिच्छेदात दिलेलं आहे. तो परीक्षेला येत नाही. ती चरबी बैलाच्या काळजातून काढतात. हे मी वाशीत कुणाला सांगितलं नाही.

खात्री करायची दुसरी चाचणी असते. ती थेट त्या जंतूविरुद्धच्याच अँटिबॉडी बघते. मुंबईला एका प्रयोगशाळेत माझा डिप्लोम्याचा सोबती शिंदे काम करतो, तो ती करतो. मालूला त्या दिवशी ताप होता, तिला बसने नेणं शक्य नव्हतं. ठरलं की रक्त मी घेऊन जायचं.

माई देवळात गेल्या होत्या. मी सिरिंज पातेल्यात उकळली आणि संध्याकाळी मालूच्या दंडाला रबर बांधून रक्त घेतलं. तिची शीर सापडायला वेळ लागला. ती भिंतीकडे बघत होती. नळी भरली आणि माई दारात उभ्या.

नळी गोठायला तास-दीड तास ठेवून वरचं पाणी वेगळं काढायचं आणि मग फ्रिजमध्ये ठेवायचं, हे मी त्यांना नीट समजावलं. माई म्हणाल्या, “त्या फ्रिजात माझं देवाचं दूध असतं. हे ह्या घरात राहायचं नाही. एक तासही नाही.” तो फ्रिज मालूच्या लग्नात आम्ही दिलेला होता. हे त्या वेळी कोणी बोललं नाही. मीही नाही. पातेलं मात्र माईंनी तिथल्या तिथे कचऱ्यात टाकलं.

तेवढ्यात सोनूबाई आली. ही सानपाडा गावातली मासळीवाली. एक दिवसाआड टोपली घेऊन येते, आणि त्या घरी येणाऱ्यांत मालूशी बोलणारी तीच एक उरली होती. दारातूनच तिने सगळं ऐकलं.

“माझ्याकडं द्या,” ती म्हणाली. “माझ्याकडं बर्फाची पेटी हाय. कोनाला पायजे फ्रिज.”

मी नळी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “थंड ठेवा. खराब होऊ देऊ नका. सकाळी येतो.”

“भाऊ, बारा गावची मासळी ठेवलीय मी. याची काय काळजी.”

मला एवढंच सांगायचं राहिलं की बर्फाला लागू देऊ नका. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

सोमवार, सानपाडा

वाशीच्या आखीव रस्त्याचं डांबर जिथे संपतं तिथे सानपाडा सुरू होतं. घरं एकमेकांना टेकून, दारात सुकत घातलेली जाळी, कौलांवर बोंबील. इथली भातशेती आणि मिठागरं नव्या शहरात गेली, घरं तेवढी राहिली. सोनूबाईच्या भिंतीवर, दाराच्या बाजूला, लाल रंगात एक आकडा आणि एक फुली होती.

“ते काय?” मी विचारलं.

“मोजनीवाले आलते. जमीन घ्यायची तिथं खुना करायच्या होत्या. त्यातला एक जन चुकला आनि आमच्या घरांवरच करून गेला. मग पाडायला दुसरे आले. त्यांना आमी सांगतोय, आमचं घर हाय, गावठान हाय. ते म्हनतात, खून हाय ना? मग झालं.” ती हसली. “कुडाची एक भित गेली. मग थांबले.”

मग तिने मोठ्या अभिमानाने पेटी उघडली. लाकडी पेटी, आत पत्रा, भुसा, बर्फ, आणि बर्फावर मूठमूठ जाडं मीठ. मधोमध, दोन पापलेटांच्या कुशीत, मालूची नळी.

“मीठ टाकलंय,” ती म्हणाली. “नुसत्या बर्फात एवढा गारठा नाय येत. बघा, कसा दगड झालाय.”

खरंच दगड झाला होता. तिथे जे चांगलं राहायला हवं असतं ते मीठ-बर्फात घालतात, आणि सोनूबाईने माझ्या बहिणीच्या रक्ताला आपल्याकडची सर्वांत चांगली जागा दिली होती. रक्ताचा असा बर्फ झाला की त्यातल्या तांबड्या पेशी फुटतात. उन्हात वितळल्यावर नळी वरपासून खालपर्यंत एकसारखी लाल झाली. पिवळं पाणी कुठेच नव्हतं. शिंदेने ती कचऱ्यात टाकली असती.

मी म्हटलं, “छान ठेवलंत.” आणि मग, कारण दुसरा इलाज नव्हता, पायरीवर बसून तिला खरं सांगितलं. सोनूबाईने पदर तोंडाला लावला. ती रडेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिला सांगितलं की चूक तिची नव्हती, ज्याला पंधरा वर्षं हेच काम येतं तो एक वाक्य कमी बोलला. तिने ते ऐकलं नाही. चप्पल न घालता ती उठली आणि वाशीकडे चालू लागली. तासाभराने मालूला घेऊन आली.

“आता इथंच काढा,” ती म्हणाली. “आनि तुमीच सांभाला.”

मालू भर उन्हातून चालत आली होती. ती पायरीवर टेकली आणि मी रबर बांधायला वाकलो, तेव्हा तिचं तोंड मला पहिल्यांदा उजेडात दिसलं. दोन्ही गालांवर लाल चट्टे होते आणि नाकाच्या दांड्यावरून ते एकमेकांना मिळाले होते. नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत जी घडी पडते ती मात्र कोरी.

“हे कधीपासून?”

“ऊन लागलं की होतं. जातं नंतर.”

“आनि बोटं,” सोनूबाई म्हणाली. “सकाळी हिची बोटं वलत नाय. मासा साफ करता येत नाय हिला, मी करून देते. सासूला वाटतं हिला कंटाला हाय.”

माझ्या हातातली सिरिंज मी खाली ठेवली. पुस्तकातल्या त्या एका परिच्छेदाच्या शेवटी एका आजाराचं नाव होतं. गालांवरचे असे चट्टे, सांधे, ताप, आणि खोटं बोलणारी व्हीडीआरएल. त्यात बी पेशी परक्याविरुद्ध नाही, आपल्याच शरीराविरुद्ध अँटिबॉडी करतात. अशा पेशी सगळ्यांच्यात जन्मतात, पण बहुतेकांच्यात त्या कोवळ्या असतानाच निवडून काढल्या जातात, काहींच्यात राहून जातात. नळी बिघडली नसती तर मालू उन्हातून आली नसती, आणि मी एकाच चाचणीचं रक्त घेऊन समाधानाने गेलो असतो.

मी दोन नळ्या भरल्या. सोनूबाईच्या पडवीत सावलीला दीड तास राखण बसलो, वरचं पाणी काढून घेतलं आणि ते हातात धरून पुलापलीकडे गेलो. वाटेचं काही सांगण्यासारखं नाही. शिंदेला म्हटलं, “एक चाचणी नको, दोन कर.” तो म्हणाला, “कुणाचं आहे?” मी म्हटलं, “पेशंटचं.” त्याने माझ्याकडे बघितलं आणि नळीवर चिठ्ठी लावली.

गुरुवार, पुन्हा वाशी

मधले दोन दिवस मी वाशी पाहिली. ती एका दिवसात पाहून होते.

गुरुवारी निकाल घेऊन आलो. पहिली चाचणी निगेटिव्ह. गुप्तरोग नाही, कधीच नव्हता. दुसरी, स्वतःच्याच पेशींच्या केंद्राविरुद्धच्या अँटिबॉडींची, पॉझिटिव्ह. शिंदेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहून दिलं होतं आणि म्हटलं होतं की मुलं न राहण्यामागेही चरबीला चिकटणाऱ्या त्या अँटिबॉडी असतील, खात्रीने सांगत नाही.

वसंतराव आणि माई समोर बसले. मालू स्वयंपाकघराच्या दाराशी. मी बी पेशींपासून सुरुवात केली आणि माईंचा चेहरा पाहून सोडून दिली. मग सोनूबाईच्या भिंतीची गोष्ट सांगितली. अँटिबॉडी स्वतः घर पाडत नाही, म्हटलं, ती खूण करते. पाडणारे दुसरे असतात, ते खूण बघून येतात आणि विचारत नाहीत. मालूच्या अंगात खुणा करणारे चुकले आहेत. ते तिच्याच सांध्यांवर, तिच्याच कातडीवर फुल्या करतायत. तिच्या कागदावर आलेला शब्द त्यातलीच एक फुली होती.

माईंनी निकालाचा कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाल्या, “म्हणजे बाहेरचं काही नाही?”

“नाही. तिचं तिच्याच अंगातलं.”

“लागत नाही कुणाला?”

“नाही.”

“आणि बरं होईल?”

“आटोक्यात राहील. गोळ्या जन्मभर.”

माईंनी मोठा श्वास सोडला आणि देवापुढे साखर ठेवली. वसंतरावांचे डोळे भरून आले, त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “दादा, सुटलो.” घरात शिरा झाला. आणलेले कंदी पेढे इतके दिवस पुड्यातच होते, तो पुडा फुटला. माझ्या बहिणीला जन्माचा आजार निघाला म्हणून एवढा आनंद झालेलं दुसरं घर मी पाहिलेलं नाही. मीही शिरा खाल्ला. चांगला झाला होता.

माईंनी स्वतः चार स्टीलची ताटं मांडली. मालू उठली, चौथं ताट उचलून फडताळात ठेवलं, मोरीच्या कट्ट्याखालची जर्मनची थाळी घेतली आणि आमच्या पंगतीत येऊन बसली.

“अगं, ते राहू दे आता,” माई म्हणाल्या.

“असू दे माई,” मालू म्हणाली. “मला हिची सवय झालीये.”

आवाजात राग नव्हता. ती शांतपणे जेवली. बाकीच्यांना शिरा जरा जड गेला.

रात्री गॅलरीत मला म्हणाली, “माझ्या रक्तानेच मला ओळखलं नाही, दादा. मग ह्यांना काय बोलू?”

मी म्हटलं, “रक्ताला विचारता येत नाही. ह्यांना येत होतं.”

ती साताऱ्याला आली नाही. मी काढून ठेवलेल्या परतीच्या दोन तिकिटांपैकी एका सीटवर पिशवी ठेवून आलो.

पुढच्या मंगळवारी माझ्या काचेवर एक रिअ‍ॅक्टिव्ह निघालं. नेहमीप्रमाणे सुवाच्य लिहिलं, मग बाहेर बाकावर जाऊन त्या बाईला नावाने हाक मारली आणि म्हटलं, कागद घरी दाखवू नका, आधी खात्रीच्या चाचणीसाठी पुन्हा रक्त द्या. साहेबांनी विचारलं, हे कोणत्या नियमात बसतं. मी म्हटलं, बसत नाही. तेव्हापासून तसंच चाललं आहे.

यंदा एप्रिलात पुन्हा वाशीला गेलो. रस्त्यांवर आता माणसं आहेत. मालूचं तोंड गोळ्यांनी गोल झालंय, बोटं मात्र वळतात. सोनूबाईने पापलेट आणून दिलं, बर्फातलं, आणि माझ्याकडे बघून हसली. जेवणाच्या वेळी मांडणीवर मला दोन जर्मनच्या थाळ्या दिसल्या. एक पोचे आलेली, एक नवी. वसंतरावांना आणि मला स्टीलची ताटं वाढली. जुनी थाळी मालूने घेतली. नवी कुणाची, हे विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माई ती पुढ्यात ओढून मालूशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “दादा, सुरुवात करा. भात निवतोय.”